संत बहिणाबाई आणि स्वप्नातील गुरुकृपा

परमार्थमार्गात स्वप्नाला किती मान द्यावा, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांपुढे फार प्राचीन काळापासून आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकराजाला सांगतात की, स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. तरी जीवात्मा ते सर्व आपल्याच प्रकाशाने निर्माण करतो. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ही स्वप्नसृष्टी केवळ मायिक ठरविली आहे. मात्र स्वप्न पुढील शुभाशुभाचे सूचक होऊ शकते, एवढी सवलत तेथेच दिलेली आहे. वैद्यकाचे आचार्य चरक याहून कठोर आहेत. त्यांनी स्वप्नांचे सात प्रकार मानले : पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, भावी घटना सुचविणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच प्रकार निष्फळ समजावेत, असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे. गीतामाउलीनेही स्वप्नाची स्तुती केलेली नाही. अति झोपाळू मनुष्याला योग साधत नाही, असे सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे, आणि अठराव्या अध्यायात दुर्बुद्धी मनुष्य ज्यांना सोडावयास तयार होत नाही अशा तामस गोष्टींत भय, शोक व विषाद यांच्या बरोबरीने स्वप्नालाही बसविले आहे.

असे असूनही मराठी संतवाङ्मयाचा एक फार मोठा भाग स्वप्नातून निघाला आहे, असे ते लिहिणारे संतच सांगतात. हा विरोध कसा मिटवावा? त्याचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा एका गृहस्थाश्रमी स्त्रीच्या चरित्रात शोधणे अधिक बरे. तिने आपले स्वप्न तिथिवारासह नोंदवून ठेवले, त्या स्वप्नापायी संसार मोडण्याची वेळ आलेली पाहिली, स्वप्नाविषयी शंकाही घेतली आणि अखेर त्याच्याच बळावर लेखणी हाती धरली. ती स्त्री म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई. खानदेशच्या सुप्रसिद्ध कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या वेगळ्या. येथे ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे त्या त्यांच्याहून अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबांच्या शिष्या होत.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० मध्ये, म्हणजे इ. स. १६२८ मध्ये, देवगाव (रंगारी) येथे झाला. हे गाव वेरूळच्या घृष्णेश्वराच्या परिसरात, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पिता आऊजी कुलकर्णी आणि माता जानकी यांनी देवाची आराधना करून हे अपत्य मिळविले होते. त्या काळच्या रूढीप्रमाणे अगदी बालवयातच तिचा विवाह शिऊरचे गंगाधरपंत पाठक यांच्याशी झाला. ते वेदपाठी वृत्तीचे, नात्यातलेच; परंतु बिजवर होते आणि वयाने सुमारे तीस वर्षांचे होते. मुलगी खेळण्याच्या वयाची आणि पती प्रौढ व तापट, असा तो जोड होता.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरच्या घरावर संकट कोसळले. वतनाचा तंटा, भाऊबंदकी आणि कर्ज यांनी आऊजींना असे घेरले की, एका रात्री आईवडील, जावई आणि लेकरे यांना घर सोडून निघावे लागले. मागे शेतीवाडी राहिली, पुढे केवळ रस्ता. भिक्षा मागत, मुक्काम करीत हे कुटुंब गोदाकाठाहून पंढरपुरास आले. पांडुरंगाचे दर्शन घडले, त्या बालिकेच्या मनावर त्या मूर्तीचा ठसा उमटला. तेथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर आणि शेवटी कोल्हापूर, असा हा प्रवास झाला. पोटासाठी गाव सोडून अनोळखी मुलखात बिऱ्हाड थाटण्याचे दुःख आजच्याही पुष्कळ कुटुंबांना ठाऊक आहे. फरक इतकाच की, त्या काळी परमुलखात गेलेल्यास ओसरीवर जागा देणारा कोणी भला माणूस भेटेल की नाही, याचीही शाश्वती नसे.

कोल्हापुरात असा भला माणूस भेटला. बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. या बहिरंभटांना कोणी यजमानाने एक कपिला गाय दान दिली होती. ती गाय आपल्या ओसरीवरच्या पाहुण्याला द्यावी, असा दृष्टांत त्यांना स्वप्नात झाला, आणि त्यांनी ती गंगाधरपंतांना देऊन टाकली. बहिणाबाईंच्या कथेतले हे पहिले स्वप्न. ते दुसऱ्याला पडलेले आहे आणि त्याचे फळ म्हणजे एक प्रत्यक्ष गाय व तिचे वासरू आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्या वासराला बहिणेचा विलक्षण लळा लागला. तिने सोडले तरच ते गायीला पिई, तिने घातले तरच वैरण खाई. ती पाण्याला निघाली की मागे येई, पुराणाला गेली की दाराशी बसे. त्याच सुमारास कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने होत होती. जयरामस्वामी हे त्या काळचे मोठे अधिकारी पुरुष. त्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग गाइले जात, आणि देहूचा वाणी, विठ्ठलाचा लाडका भक्त, कोणत्या स्थितीला पोहोचला आहे याचे वर्णन होई. बहिणा आईवडिलांबरोबर कीर्तनाला जाई आणि वासरूही तिच्या मागे जाई. एका रात्री गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते ओरडू लागले, आत बहिणाही रडू लागली. जयरामस्वामींना हे कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि वासराच्या व मुलीच्या, दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला.

गोष्ट गावात पसरली आणि तिखटमीठ लावून गंगाधरपंतांच्या कानी गेली. त्यांचा क्रोध अनावर झाला. त्यांनी पत्नीला वेणी धरून मारले आणि बांधून टाकले. ही हकीगत बहिणाबाईंनी स्वतःच सांगितली आहे, काही लपविले नाही आणि काही वाढविलेही नाही. पतिसेवेचा धर्म कितीही थोर असला तरी अशा मारहाणीचे समर्थन कोणत्याही शास्त्राच्या आधाराने करता येणार नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडला. पुढे वासराचा अंतकाळ जवळ आला. त्या वेळी बहिरंभटांनी गीतेच्या ध्यानातील तो सर्वपरिचित श्लोक म्हणावयास आरंभ केला, ज्यात मुक्याला बोलते करणाऱ्या माधवाला वंदन आहे. आणि अर्धा श्लोक होताच उरलेला अर्धा वासराच्या मुखातून उमटला, असे चरित्रात सांगितले आहे. कोणाला हे अद्भुत पटेल, कोणाला पटणार नाही. मात्र ज्या मुलीला अजून बोलावयाचे होते, तिच्या कथेत नेमका हाच श्लोक यावा, हे अर्थपूर्ण आहे.

वासरू गेले आणि बहिणा बेशुद्ध पडली. चौथ्या दिवशी शुद्ध आली ती कोणीतरी ब्राह्मण आपणास जागे हो, सावध हो असे सांगत आहे, या भासासह. त्यानंतर तिच्या मनाने एकच ध्यास घेतला. विठ्ठलाची मूर्ती डोळ्यांपुढे आणि तुकोबांचे अभंग ओठांवर, असे दिवस जाऊ लागले. ज्यांचे शब्द ऐकून अंतःकरण इतके हलते, त्यांचे दर्शन आपल्याला कसे होणार? देहू दूर. आपण परक्याच्या ओसरीवर, पतीच्या आज्ञेत. पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीसारखी तिची स्थिती झाली. असा सात दिवसांचा अखंड ध्यास घडल्यावर तुकोबा स्वप्नात आले. त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला. तिने चरणांवर डोके ठेविले, तेव्हा त्यांनी तिच्या हाती मंत्रगीता नावाचे पुस्तक दिले.

तो दिवस कार्तिक वद्य पंचमीचा, वार रविवार, असे बहिणाबाईंनी लिहून ठेवले आहे. वर्ष शके १५६९, म्हणजे इ. स. १६४७, मानले जाते. आणि पंचांगाचे गणित मांडून पाहिले तर त्या वर्षीची ती तिथी रविवारीच येते. तुकोबा त्या वेळी देहूस हयात होते. म्हणजे हा कोणा दिवंगत संताचा दृष्टांत नव्हे. पुष्कळ कोस दूर आपल्या गावी कीर्तन करीत असलेल्या गुरूचा हा अनुग्रह होता.

आता चरकांची कसोटी या स्वप्नाला लावून पाहावी. बहिणेने तुकोबांविषयी ऐकले होते, त्यांच्या भेटीची उत्कट इच्छा केली होती, मनात त्यांचे रूप कल्पिले होते. ऐकलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले, अशा तीन प्रकारांत हे स्वप्न बसते. आणि तिन्ही प्रकार चरकांच्या मते निष्फळ! वैद्याच्या दृष्टीने चरकांचे म्हणणे खोटे नाही. रोग्याच्या आयुष्याचे अनुमान अशा स्वप्नांवरून करता येत नाही, एवढाच त्यांचा विषय आहे. परंतु भविष्य सांगणे हे काही स्वप्नाचे एकमेव फळ नव्हे. मनुष्य ज्या भावाचे सतत स्मरण करतो त्या भावालाच तो प्राप्त होतो, हे भगवंतांनी आठव्या अध्यायात अंतकाळाच्या संदर्भात सांगितले आहे, आणि त्यासाठी सर्वकाळ स्मरण करण्याची आज्ञा दिली आहे. अंतकाळाचा जो नियम तोच लहान प्रमाणात रोजच्या निद्रेचाही असला पाहिजे. दिवसभर मनाने जे धरले तेच रात्री समोर उभे राहते. बहिणेने सात दिवस जे धरले होते ते साधे कुतूहल नव्हते. म्हणून समोर आले तेही साधे चित्र नव्हते.

हाती आलेल्या पुस्तकाचाही विचार करावा. मंत्रगीता या नावाची गीतेवरील अभंगरूप टीका तुकोबांच्या नावावर सांगितली जाते. ती त्यांचीच की अन्य कोणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद पंडितांचा. स्वप्नातल्या गुरूने एका स्त्रीच्या हाती माळ दिली नाही, अंगारा दिला नाही, तर गीतेचे पुस्तक दिले, ही गोष्ट मात्र वादातीत आहे. स्त्रिया, वैश्य आणि शूद्र हेही माझा आश्रय करून परमगतीला जातात, असे भगवंतांनी नवव्या अध्यायात ज्या ग्रंथात सांगितले, तोच ग्रंथ समाजाने शूद्र म्हटलेल्या गुरूच्या हातून एका ब्राह्मण स्त्रीच्या हातात आला.

आणि येथूनच खरे संकट सुरू झाले.

जागे झाल्यावर बहिणेच्या मुखी नाम होते, मन प्रसन्न होते. जयरामस्वामी स्वतः घरी येऊन तिला पाहून गेले. लोक दर्शनाला येऊ लागले. हे गंगाधरपंतांना कसे सोसावे? आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि आपल्या पत्नीने स्वप्नात एका शूद्राला गुरू करावे! वर लोकांनी तिला नमस्कार करावा आणि आपणास कोणी विचारू नये! त्यांनी निश्चय केला की, आता या स्त्रीबरोबर राहावयाचे नाही. तीर्थयात्रेला निघून जावयाचे. बहिणाबाई त्या वेळी तीन महिन्यांच्या गर्भवती होत्या. विशीही न गाठलेल्या त्या मुलीने तेव्हा जो विचार केला तो तिच्या आत्मकथेतील सर्वांत धीट भाग आहे. पंढरीची मूर्ती अखेर पाषाणाची आणि तुकोबा दिसले ते स्वप्नात. समोर उभा असलेला पती मात्र प्रत्यक्ष आहे. मग स्वप्नासाठी प्रत्यक्षाचा त्याग करावा काय? नाही, करू नये, असा निर्णय तिने घेतला. पतीची सेवा हाच आपला धर्म, तो सोडून मिळणारा परमार्थ आपणास नको.

हे वाचून कोणी म्हणेल की, तिने स्वप्न टाकून दिले. तसे झालेले नाही. तिने स्वप्नाचा उपयोग कर्तव्यातून सुटण्यासाठी केला नाही, इतकेच. नामस्मरण तिने सोडले नाही, गुरूला मनातून उतरविले नाही. परंतु स्वप्नाचे नाव सांगून घर मोडावयाचेही नाकारले. ज्याला दृष्टांत होतो असा मनुष्य पुष्कळदा घरच्यांवर अरेरावी करू लागतो, आपला शब्द तो देवाचा शब्द असे मानू लागतो. बहिणाबाईंच्या ठिकाणी याचा लवलेश नाही.

गंगाधरपंत जावयास निघणार तोच त्यांना ज्वराने गाठले. अंगाचा दाह होऊ लागला, औषध लागू पडेना. बहिणाबाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. दुखणे जवळजवळ महिनाभर रेंगाळले. ज्याचा आपण धिक्कार केला त्या भक्ताचीच ही अवकृपा तर नसेल, असे त्यांच्या मनात येऊ लागले. एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन त्यांना पत्नीचा त्याग करू नये, तिच्या भक्तीचा मार्ग धरावा असे समजाविले, असे चरित्र सांगते. ते बरे झाले आणि पालटले. एका तापट, मानी पुरुषाचे हे परिवर्तन लिहिताना बहिणाबाईंच्या लेखणीत विजयाचा सूर कोठेही नाही. सर्व कुटुंब गायीसह देहूला जाण्यास निघाले.

देहूला ते पोहोचले तेव्हा देवळात तुकोबा आरती करीत होते. कोल्हापुरात स्वप्नात जे रूप पाहिले होते तेच प्रत्यक्ष समोर उभे होते, असे बहिणाबाई सांगतात. गंगाधरपंतांनी नमस्कार केला. ज्या शूद्राच्या नावाने त्यांनी घर सोडावयाचे ठरविले होते, त्याच्यापुढे वेदपाठी ब्राह्मणाचे मस्तक नमले.

राहण्याच्या जागेसाठी हे कुटुंब मंबाजी गोसाव्यांकडे गेले होते. मंबाजींनी यांना आपले शिष्य करून घेण्याचा आग्रह धरला; गुरू आधीच झाला आहे आणि तो तुकोबा आहे, हे कळताच ते संतापले व त्यांनी छळास आरंभ केला. कोंडाजीपंतांनी अन्नाची सोय केली, आणि देवळातल्या आनंदओवरीत बिऱ्हाड झाले. मंबाजींनी एकदा कपिला गाय पळवून नेली, बांधून ठेवली आणि तिला बेदम मारले. त्या रात्री गाय तुकोबांच्या स्वप्नात आली, रक्षण करा म्हणून विनवू लागली. ते जागे झाले तो त्यांच्या पाठीवर माराचे वळ उमटलेले होते, अशी कथा आहे. पुढे मंबाजींच्या घराला आग लागली, लोक विझविण्यास धावले आणि गाय सापडली. स्वप्नांचा हा धागा बहिणाबाईंच्या कथेत किती दूरवर गेला आहे पाहावे : बहिरंभटांच्या स्वप्नातून गाय आली, बहिणेच्या स्वप्नात गुरू आले, आणि गुरूंच्या स्वप्नात तीच गाय आली. या कथेत प्रत्येकाला दुसऱ्याचेच दुःख किंवा दुसऱ्याचीच गरज स्वप्नात दिसते. स्वतःच्या लाभाचे स्वप्न कोणालाच पडत नाही.

देहूस बहिणाबाईंना कन्या झाली. तिचे नाव काशी ठेविले. परंतु मनाला उदासीनता आली होती. देह ठेवावा असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला, हे त्यांनी झाकून ठेविले नाही. डोळे मिटून ध्यानात बसल्या असता तुकोबांनी पुन्हा दर्शन दिले, धीर दिला, पुढे पुत्र होईल असे सांगितले आणि कवित्वाचा वर दिला. त्यानंतर त्या इंद्रायणीवर गेल्या, स्नान केले, विठ्ठलाची पूजा केली, आणि अंतःकरणात शब्द लाटांसारखे उठू लागले. त्या दिवसापासून अभंगरचना सुरू झाली.

लेखनाची प्रेरणा स्वप्नातून मिळाली म्हणजे लेखन आपोआप होते, असा समज भोळा आहे. बहिणाबाईंनी स्वप्नात ऐकलेले अभंग उतरवून काढले नाहीत. स्वप्नाने त्यांना अधिकार दिला, आणि शब्द त्यांनी जागेपणी शोधले. जिला पुराणाला बसावयाचे तर पतीची अनुमती हवी, जिला वेद ऐकण्याचा अधिकार नाही आणि ही खंत तिने उघडपणे बोलून दाखविली, तिला आपण लिहावे असे वाटावयास कोणाची तरी आज्ञा हवी होती. ती आज्ञा जागेपणी कोणीच दिली नसती. सातव्या शतकात इंग्लंडातील व्हिटबीच्या मठात कॅडमन नावाचा एक अशिक्षित गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी आली की तो लाजून उठून जाई. त्याला स्वप्नात सृष्टीच्या उत्पत्तीचे गाणे म्हणण्याची आज्ञा झाली, आणि मठाच्या प्रमुख हिल्डा यांनी परीक्षा घेऊन ती देणगी मान्य केली, असे बीड या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तेथेही गोष्ट तीच : ज्याला समाजाने मुके ठेविले त्याला स्वप्नाने बोलावयास सांगितले.

बहिणाबाई बोलल्या, आणि पुष्कळ बोलल्या. भक्ती, वैराग्य, सद्गुरू, नाममाहात्म्य, पतिव्रताधर्म यांवर त्यांनी अभंग रचले. ब्राह्मण कोणाला म्हणावे, या प्रश्नावर वज्रसूचीच्या आधाराने त्यांनी केलेले अभंग मुद्दाम वाचावेत. जन्म, वर्ण, पांडित्य, कर्म यांपैकी कशानेही ब्राह्मणत्व येत नाही, ते ब्रह्मज्ञानानेच येते, असे प्रतिपादन तेथे आहे. ज्या घरात गुरूच्या जातीवरून एवढा अनर्थ झाला, त्याच घरातल्या स्त्रीने हे लिहावे, याला केवळ पांडित्य कोण म्हणेल? तो त्यांच्या आयुष्याचाच प्रश्न होता. वारकरी पंथाला मंदिराची उपमा देऊन ज्ञानदेवांच्या पायावर तुकोबांचा कळस चढविणारा, घरोघर म्हटला जाणारा अभंगही त्यांचाच. आणि या सर्वांबरोबर त्यांनी आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले. मराठीत स्त्रीने लिहिलेले ते पहिले आत्मचरित्र गणले जाते. १९१४ मध्ये उमरखाने यांनी त्यांची गाथा छापून प्रसिद्ध केली आणि १९२९ मध्ये जस्टिन अॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले.

त्यांचे गुरू तुकोबा यांची कथाही याच जातीची आहे. त्यांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश माघ शुद्ध दशमी, गुरुवारी, स्वप्नात झाला. आणि नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन, राहिलेले कवित्व पुरे करण्याची आज्ञा त्यांना दिली. तुकोबांच्या प्रयाणानंतर पिंपळनेरच्या निळोबांना त्यांचा अनुग्रह झाला तोही असाच. ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) यांनाही तुकोबांनीच स्वप्नात संतचरित्रे लिहिण्याची आज्ञा केली, आणि शके १६८४ मध्ये भक्तविजय पूर्ण झाला. कर्नाटकातही विठ्ठलाच्या दासांत हीच परंपरा दिसते. बेंगळूर, बोम्मसंद्रा या भागांत नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या कानी शेजारच्या कन्नड घरातून हरिदासांची पदे पडत असतील. त्यांतील विजयदासांना (१६८२–१७५५) पुरंदरदासांनी स्वप्नात दर्शन देऊन विजयविठ्ठल हे नाव दिले, असे हरिदास परंपरा सांगते. भाषा निराळी, देव एकच, आणि पिढीने पिढीच्या हाती लेखणी देण्याची रीतही एकच.

शके १५७१ च्या फाल्गुनात, इ. स. १६५० मध्ये, तुकोबांनी प्रयाण केले. बहिणाबाईंचे उर्वरित दीर्घ आयुष्य शिऊर येथे गृहस्थाश्रमातच गेले. पुत्र झाला, त्याचे नाव विठोबा. संसाराचे सर्व भोग भोगीत, घरचे काम करीत त्यांनी रचना चालू ठेवली. या आयुष्यात पुढे चमत्कार फारसे नाहीत, आणि ते असावयास हवे होते असेही नाही.

शके १६२२, इ. स. १७००. विठोबाची पत्नी रुक्मिणी निवर्तली होती आणि तिचे उत्तरकार्य करण्यासाठी तो गोदातीरी गेला होता. आपला काळ जवळ आला, हे जाणून बहिणाबाईंनी त्याला पत्र पाठविले : पाच दिवस उरले आहेत, लवकर यावे. तो धावत आला. मातेने त्याला जवळ बसवून आपल्या मागील बारा जन्मांची हकीगत सांगितली. प्रस्तुतचा जन्म तेरावा, आणि त्यांपैकी पुष्कळ जन्मांत तूच माझा पुत्र होतास, असे सांगितले. पुत्र प्रश्न विचारीत होता आणि माता अभंगांत उत्तर देत होती. आश्विन शुद्ध प्रतिपदेस, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊर येथे आहे.